हात फिरलेली गाडी

सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास आमच्या सोसायटीत गाड्या पुसण्याचं काम चालतं. एक बादली, खांद्यावर दोन फडकी आणि रांगेत उभ्या दहा-बारा गाड्या. पुसणारा माणूस मन लावून पुसतो. आधी काचा, मग टप, मग बोनेट. वायपर उचलून त्याखाली अडकलेलं पान काढतो, आरशाच्या सांध्यातली धूळ बोटाला फडकं गुंडाळून काढतो. त्याचं होईपर्यंत पूर्वेच्या दोन इमारतींमधून ऊन तिरकं आत येतं आणि कोपऱ्यातल्या काळ्या गाडीच्या बोनेटवर पडतं. मग त्या काळ्या रंगात, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती, बारीक रेघांचे फेरच्या फेर दिसू लागतात, कोळ्याने जाळं विणावं तसे. आपण डोकं हलवलं की जाळंही सोबत सरकतं.

फेर हा डोळ्यांना होणारा भास. ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात. प्रकाशाला आडवे असणारे तेवढे चमकतात, म्हणून वर्तुळ दिसतं. पण ओरखडे खरे असतात, आणि त्यातले बरेचसे रस्त्यावर पडलेले नसतात. ते फडक्याने पडलेले असतात. पुण्याच्या धुळीत आता मातीपेक्षा बांधकामाचा चुरा जास्त, फोडलेल्या काळ्या पाषाणाची भुकटी जास्त. तिचे कण फडक्यात अडकतात आणि फडकं ज्या मायेने फिरतं त्याच मायेने तेही फिरतात. मी एकदा त्या माणसाला म्हटलं, आधी नुसतं पाणी मारून धूळ सोडवून घेतली तर? तो म्हणाला, "ताई, पाणी कुठून आणू? बादली एकच भरून मिळते." उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, पाइप लावून गाड्या धुवायला बंदी आहे, आणि त्याचं म्हणणं खरंच होतं. तेव्हापासून त्या काळ्या बोनेटकडे पाहताना मनात येत राहतं, की या गाडीवर सर्वांत जास्त ओरखडे तिला रोज जपणाऱ्या हाताने उठवले आहेत.

सांगलीला आमच्या घरी फियाट होती. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. पण घरात, गल्लीत, गॅरेजमध्ये सगळे फियाटच म्हणायचे. रंग फिकट निळा. रविवारी सकाळी बाबा तिला पॉलिश करत. चपट्या डबीतलं पिवळसर पॉलिश, जुन्या धोतराचं धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं, आणि अंगणात गाडी सावलीत घेण्याची त्यांची खटपट. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून बसतं, ते निघत नाही, म्हणून. मी शेजारी उभी राहून पाहायचे. पांढरं फडकं हळूहळू निळं होत जायचं. मला त्याची काळजी वाटायची. "बाबा, गाडीचा रंग निघतोय." ते म्हणायचे, "वरचा मेलेला निघतोय. खालचा जिवंत आहे."

ते अगदी बरोबर सांगत होते. त्या गाड्यांवर रंगाचा वरचा थर तोच शेवटचा थर असे. त्यावर आणखी काही नसे. उन्हापावसात त्याचा पृष्ठभाग मरून पांढुरका पडायचा, आणि पॉलिश म्हणजे तो मेलेला पापुद्रा घासून काढून खालचा ताजा रंग वर आणायचा. दर रविवारी गाडी नवी दिसायची आणि दर रविवारी थोडीशी कमी व्हायची. बाबांना ते ठाऊक होतं. दाराच्या कडेवर, बोनेटच्या मधल्या उंचवट्यावर त्यांचा हात हलका पडायचा, कारण तिथे रंग आधीच पातळ असतो आणि दाब जास्त बसतो.

आताच्या गाडीचा रंग निराळ्या रीतीने चढतो. पत्र्याचा सबंध सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यात वीज सोडतात. त्यामुळे पहिला थर हात पोहोचणार नाही अशा पोकळ्यांतसुद्धा बसतो. गंजापासून राखण करतो तो हाच थर, आणि आपल्याला तो कधी दिसत नाही. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर बिनरंगी पारदर्शक थर, ज्याला गॅरेजवाले क्लिअर म्हणतात. १९८०च्या दशकापासून हा थर सर्रास आला. आपण गाडीची झळाळी म्हणतो ती या क्लिअरची. सगळे थर धरून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, त्यात क्लिअर चाळीस-पन्नास. डोक्यावरच्या एका केसापेक्षाही पातळ. ज्याच्यावर माणसं इतका जीव टाकतात, शोरूममधून गाडी बाहेर काढताना ज्याच्याकडे दहादा वळून बघतात, ते सगळं एवढ्याशा जाडीत मावलेलं असतं. आता पॉलिश केलं तर फडकं निळं होत नाही. क्लिअर झिजतो, पण तो बिनरंगी. फडक्यावर त्याची साक्ष उरत नाही.

फडक्याखेरीज बाकीचे शत्रू आहेतच. द्रुतगती मार्गावर पुढे खडीचा डंपर लागला की कुठूनसा एक खडा येतो, टक्कन आवाज होतो आणि बोनेटच्या नाकाडावर पांढरा ठिपका उमटतो. टवका उडाला. एवढासाच असतो, पण क्लिअर, रंग, प्रायमर सगळं भेदून गेलेला असला, तर कोकणातल्या खाऱ्या हवेत त्याच जागी दोन पावसाळ्यांत तांबूस फोड येतो. जांभळाच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्याला जूनमध्ये निराळंच दुःख. फळं पडतात ते वेगळं, आणि तीच फळं खाऊन पाखरं जे टाकतात ते वेगळं. पाखरांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. भर उन्हात तापून मऊ झालेल्या क्लिअरवर ती दुपारभर राहिली की खालचा पृष्ठभाग कायमचा खरबरीत होतो. बोअरचं पाणी वाळलं की क्षारांची पांढरी वर्तुळं. यातलं काहीही गाडीच्या चालण्याला अडवत नाही. इंजिनाला त्याची दादही नसते. तरी माणूस खाली वाकतो, ओल्या बोटाने डाग घासून बघतो आणि निघत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरतो. मला त्या उतरलेल्या चेहऱ्याबद्दल आदर वाटतो. वस्तूवर जीव लावणं ही माणसाची कमजोरी आहे असं मी कधीच मानलेलं नाही.

भाच्याने गाडी घेतली ती गडद निळी. पहिली गाडी, स्वतःच्या पगारातली. घेतल्या घेतल्या त्याने ठरवलं की रंगाच्या राखणीसाठी वरून पारदर्शक फिल्म लावून घ्यायची, सगळ्या अंगाला. खर्च लाखाच्या घरात. ताईला, म्हणजे त्याच्या आईला, तो पटला नाही. तिचं म्हणणं, रंगावर रंग असतो का कधी? मला कुतूहल होतं, म्हणून मी त्याच्याबरोबर बालेवाडीच्या पुढे फिल्म लावतात त्या शेडमध्ये गेले.

बाहेरून शेड, आत मात्र दवाखान्यासारखी शांतता. दारं बंद, एसी चालू, फरशी ओली ठेवलेली, म्हणजे धूळ उडू नये. छतावर ट्यूबलाइटच्या षट्कोनी जाळ्या, आणि गाडीच्या अंगावर त्यांचं लख्ख प्रतिबिंब. गाडी आधी धुतली, मग क्ले बार नावाच्या चिकणमातीसारख्या वडीने ओल्या अंगावरून घासली. काम करणारा मुलगा लातूरकडचा. त्याने मला विचारलं, "काकू, गाडी साफ झाली का बघा." मी हात फिरवला; गुळगुळीत लागली. तेव्हा त्याने एक पातळ प्लास्टिकची पिशवी दिली. "ही हातात घालून फिरवा." मी पिशवीत हात घातला आणि त्याच जागी फिरवला, आणि अंगावर काटा आला. बारीक बारीक कण, खरखर, काहीतरी टोचणारं. उघड्या हाताला काहीच लागलं नव्हतं, आणि मध्ये पापुद्रा आल्यावर सगळं लागत होतं. तो म्हणाला, ब्रेकमधून उडणारी लोखंडाची पूड रंगात रुतून बसते. त्वचा रंगाला धरते, पिशवी घसरते, म्हणून पिशवीतून कळतं. त्याने तेवढ्या भागावर पुन्हा वडी फिरवली, मी पुन्हा पिशवीतून हात फिरवला, आणि आता खाली खरोखरच काही नव्हतं. स्पर्श म्हणजे मध्ये काही नसणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती समजूत तिथे थोडी हलली.

बोनेटपाशी येऊन मुलगा थांबला. डिलिव्हरीच्या दिवशी ताईने ओल्या कुंकवाने तिथे स्वस्तिक काढलं होतं. पुढे गाडी पुसली गेली, कुंकू गेलं, तरी एका विशिष्ट कोनातून एक पुसट गुलाबी खूण दिसत होती. "काकू, हे काढायचं ना? आत राहिलं तर कायमचं राहील." भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? ताई तिथे असती तर तिने काय म्हटलं असतं ते दोघांनाही ठाऊक होतं. पण आत काही राहिलं की फिल्म तिथे धरत नाही, कडेने उचलते. मुलगा स्वतःच्या अनुभवावरून सांगत होता. शेवटी भाचाच म्हणाला, "काढा. दसऱ्याला आई वरून काढेल." मुलाने फडक्यावर अल्कोहोल घेतलं आणि एका जागी, न घासता, नुसतं टेकवून टेकवून ती खूण उचलली. फडक्यावर कुंकवाचा ठिपका आला. त्याने ते फडकं इतरांसारखं बादलीत फेकलं नाही. घडी करून टेबलावर बाजूला ठेवलं. तसं करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

फिल्म पाच फूट रुंदीच्या रोलवर येते. मागचा कागद सोडवताना चर्र असा लांब आवाज होतो. दोघांनी चार टोकं धरली, तिसऱ्याने चिकट बाजूवर आणि गाडीवर साबणाचं पाणी फवारलं. बोटांवरही फवारलं, कारण कोरडं बोट लागलं की त्याचा ठसा गोंदात कायमचा उमटतो. मग ती ओली चादर बोनेटवर उतरली आणि तरंगायला लागली. हो, तरंगायलाच, पाण्यावर ती इकडेतिकडे सरकत होती, हवी तिथे आणून थांबवता येत होती. जागा बरोबर जमली तेव्हा मुलाने रबरी पट्टी, ते तिला स्क्वीजी म्हणतात, मधून बाहेर ओढायला सुरुवात केली. प्रत्येक ओढीबरोबर कडेने पाण्याची ओळ बाहेर पडायची आणि मागे फिल्म नाहीशी व्हायची. डोळ्यांसमोर असलेली गोष्ट दिसेनाशी होत चालली होती. मी खाली वाकून, ट्यूबच्या प्रकाशात, कड शोधत होते. ती दिसेना. वळणावर हीट गनची ऊब देऊन फिल्म ताणली, बोनेटच्या ओठाखाली दुमडून आत घातली. काही ठिकाणी पाण्याचे बारीक फुगे राहिले. ते दोन-चार दिवसांत फिल्ममधूनच निघून जातात. पाणी जातं. धुळीचा कण मात्र राहिला तर राहिलाच.

या फिल्मची जाडी दीडशे ते दोनशे मायक्रॉन. म्हणजे ज्याचं रक्षण करायचं त्या सगळ्या थरांच्या बेरजेपेक्षा रक्षण करणारी जाड. ती पॉलियुरेथेनची असते. पूर्वीच्या फिल्म उन्हाने पिवळ्या पडत, कारण त्या पॉलियुरेथेनच्या रेणूत अतिनील किरणांना बळी पडणारी वलयं होती. आताच्या फिल्ममध्ये ती रचना टाळलेली असते. आणि तिचा जन्म मोटारीसाठी झालेलाच नाही. १९६०च्या दशकात, व्हिएतनामच्या युद्धात, हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती वाळूने आणि खड्यांनी झिजत. त्यांच्या पुढच्या कडेवर लावायला थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची टेप काढली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांच्या नाकांवर गेली आणि तिथून रस्त्यावरच्या गाड्यांवर आली. आज पवनचक्क्यांच्या पात्यांच्या धारेवरही अशी टेप लावतात, कारण पात्याचं टोक ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर वेगाने फिरत असतं आणि त्या वेगाला पावसाचा थेंबसुद्धा पातं कुरतडतो.

हेलिकॉप्टरच्या पात्यांची आणखी एक गोष्ट मी वाचली ती विसरता येत नाही. वाळवंटात रात्री हेलिकॉप्टर उतरताना कधीकधी पंख्याभोवती सोनेरी प्रकाशाचं कडं दिसतं. पात्याच्या धारेवर टायटॅनियम किंवा निकेलची पट्टी असते. वाळूचे कण तिच्यावर आदळून धातूचे सूक्ष्म कण उडवतात, आणि ते हवेत पेटतात. अमेरिकन छायाचित्रकार मायकेल यॉन याने २००९ साली अफगाणिस्तानात या कड्यांची छायाचित्रं टिपली, आणि या दृश्याला त्या युद्धात त्याच वर्षी मृत्यू पावलेल्या दोन सैनिकांचं नाव दिलं: एक अमेरिकन, बेंजामिन कॉप, आणि एक ब्रिटिश, जोसेफ एचल्स. ती छायाचित्रं फार देखणी आहेत. झीज होताना दिसते, आणि ती प्रकाशमान असते. पण ज्याला ते यंत्र पुन्हा उडवायचं आहे त्याला त्या प्रकाशात फक्त पात्याचं आयुष्य जळताना दिसत असणार.

मुलाने आम्हाला एक गंमत करून दाखवली. फिल्म लावलेल्या नमुन्याच्या पत्र्यावर त्याने पितळी तारांचा ब्रश खसाखसा घासला. जाळंच जाळं उठलं. मग किटलीतलं गरम पाणी वरून ओतलं, आणि पाणी खाली ओघळेपर्यंत ओरखडे मिटत गेले. तिथे काही नव्हतंच जणू. फिल्मच्या वरच्या थरातले लांबलचक रेणू एकमेकांत असे गुंफलेले असतात की दाबले गेले तरी त्यांचा मूळ आकार ते सोडत नाहीत. ऊब मिळाली की सैल होऊन जागेवर येतात. भर दुपारच्या उन्हातही हे आपोआप होतं. धारदार वस्तूने फिल्म आरपार कापली गेली तर मात्र ती सांधत नाही. भाचा खूश झाला, त्याने मोबाइलवर चित्रण केलं. मी ते पाहताना थक्क झाले, आणि थोडी अस्वस्थही झाले. जखम भरली की त्या जागी काहीतरी राहतं, निदान एक व्रण. इथे काहीच राहिलं नव्हतं.

परतताना गाडीत मला पंढरपूर आठवत होतं. पंढरीच्या देवळात कोणीही सामान्य माणूस गाभाऱ्यात जाऊन विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवू शकतो. वारकऱ्याला दिवसदिवस रांगेत उभं राहून तेच हवं असतं. लांबून मुखदर्शन होतं, पण पायांना हात लागल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. शतकानुशतकांच्या त्या हातांनी आणि कपाळांनी ते दगडी पाय झिजले. मूर्तीवर वेळोवेळी लेप दिले गेले. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत देऊळ बंद असताना विठ्ठल-रखुमाईच्या मूर्तींवर रासायनिक लेपन झालं. कोल्हापुरात अंबाबाईच्या मूर्तीवर १९५५ साली वज्रलेप झाला, आणि २०१५ साली पुरातत्त्व खात्याने तिचं रासायनिक संवर्धन केलं. दोन्हीकडे झीज झाली ती वैऱ्याच्या हातून नाही. दूध, दही, मध, पाणी, कपाळ, तळहात यांनी झाली. जाणकार मंडळी सांगत राहतात की स्पर्श कमी करा, आणि भक्तांना ते कळत नाही असं नाही; पण स्पर्श काढून घेतला तर मग आपण तिथे कशासाठी जायचं, हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही. मला तरी या प्रश्नाचं एकच एक उत्तर आहे असं वाटत नाही. लेप द्यायचा, पुन्हा डोकं ठेवू द्यायचं, पुन्हा झिजू द्यायचं, पुन्हा लेप द्यायचा, असं पंढरीत चाललं आहे, आणि मला ते पटतं. गाडीला देवाशेजारी बसवावं असं मला म्हणायचं नाही. हात आणि वस्तू यांच्यातलं जे काही आहे, ते दोन्हीकडे एकाच जातीचं आहे एवढंच.

आपल्याकडे चांगली वस्तू जपायची म्हणजे वापरायची नाही, अशी रीत होती. पैठणी ट्रंकेत, चांदीचं ताट कपाटात, पाहुण्यांचे कप वेगळे. टीव्हीचा रिमोट कित्येक घरांत अजून प्लास्टिकच्या पिशवीत असतो. ज्यांनी एकेक वस्तू वर्षानुवर्षं वाट पाहून घेतली त्यांचं हे जपणं आहे, आणि त्याला कोणी हसलं की मला वाईट वाटतं. फिल्मने या रीतीतली एक अडचण सोडवली हे मान्य करायला हवं. वस्तू दिसते, वापरात राहते, पावसात जाते, घाटात जाते, आणि तरी जपली जाते. फक्त तिच्या अंगाला आता कोणाचा हात लागत नाही. भाचा गाडी धुतो, पुसतो, दोन बादल्या ठेवतो, एक साबणाची आणि एक फडकं खंगाळायची, सगळं त्या मुलाने सांगितलं तसं. पण तो धुतो ती फिल्म. निळा रंग तिच्याखाली शोरूममधल्यासारखा आहे. तो पुन्हा उघडा होईल तो पाच-सात वर्षांनी, बहुधा गाडी विकताना. म्हणजे या गाडीचं नवेपण हाताने अनुभवेल तो तिचा दुसरा मालक.

बाबांची फियाट विकली तेव्हा मी कॉलेजात होते. घेणारा मिरजेचा, स्वतःचं गॅरेज असलेला. त्याने इंजिन ऐकलं, खाली आडवं पडून चॅसी पाहिली, आणि मग उठून, कपडे झटकून, बोनेटच्या मधल्या उंचवट्यावरून अंगठा नेला. तिथे बाबांचा हात कितीही हलका असला तरी इतक्या रविवारांनंतर निळा संपून खालचा करडा प्रायमर डोकावत होता. मला वाटलं, आता हा किंमत पाडणार. तो बाबांकडे बघून म्हणाला, "हात फिरलाय गाडीवर." आणि त्याने घासाघीस न करता सांगितलेले पैसे दिले. तो करडा पट्टा त्याला दोष वाटला नव्हता. दाखला वाटला होता.

त्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात काढलेल्या जुन्या फिल्मचा ढीग पडला होता. एक तुकडा मी उचलून उजेडाला धरला. कोणाच्या तरी गाडीच्या बोनेटवरचा असणार. किंचित पिवळसर, एका बाजूला गोंदाचा चिकटा. आणि त्यावर सगळं होतं: खड्यांचे खोलगट ठिपके, फडक्याच्या रेघा, पाखराच्या विष्ठेने पडलेला एक ओबडधोबड डाग, चिकाचा एक पिवळा थेंब, आणि कडेजवळ मांजराच्या नखांसारख्या चार समांतर रेघा. झीज नेहमी वस्तूच्या अंगावर असते. ती वेगळी काढता येत नाही, म्हणून आपण तिला एकटीला कधी बघतच नाही. इथे ती एकटी होती, आरपार दिसणारी, गाडीशिवाय. एका कुटुंबाचे काही वर्षांचे रस्ते, झाडं, मांजर, फडकी, सगळं त्या पापुद्र्यावर होतं, आणि गाडी स्वच्छ होऊन निघून गेली होती. मुलाने विचारलं, "काकू, काय बघता? कचरा आहे तो." मी तो तुकडा खाली ठेवला, पण नीट सपाट करून ठेवला.

काम संपत आलं तेव्हा छोटे तुकडे उरले होते, मशिनने आधीच कापलेले अंडाकृती. दाराच्या मुठीमागे जी खोलगट वाटी असते, तिच्यासाठी. दार उघडताना नखं आणि अंगठ्या तिथेच घासतात. कुठल्याही जुन्या गाडीच्या त्या वाटीत चंद्रकोरींसारखे बारीक ओरखडे दाटलेले असतात. मी भाच्याला बाजूला घेऊन म्हटलं, एक वाटी सोड. पुढच्या डाव्या दाराची. तिथे तुझी आई बसणार.

तो म्हणाला, "मावशी, आईच्या अंगठ्या बघितल्यास का? वर्षभरात त्या वाटीची चाळण होईल."

मी म्हटलं, होऊ दे.

तो लगेच हो म्हणाला नाही. त्याचं म्हणणं, सगळीकडे फिल्म आणि एकच जागा उघडी ठेवली तर पुढे रंगात फरक दिसेल. झाकलेला भाग उन्हापासून वाचतो, उघडा वाचत नाही. मुलगा ओला तुकडा बोटावर धरून आमच्याकडे बघत उभा. वाळला असता तर वाया गेला असता. भाच्याने थोडा वेळ त्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं, आत दोन बोटं घालून फिरवली आणि मुलाला सांगितलं, ही राहू द्या.

ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. दसऱ्याला तिने फिल्मवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, आणि ती पुढच्या डाव्या दाराने गाडीत बसली. वाटीत एव्हाना रेघा उमटू लागल्या असतील. पुढच्या खेपेला मी वाकून बघणार आहे. खूप दिसाव्यात असं मला वाटेल की थोड्या, हे आज मला सांगता येत नाही.